चौदा एप्रिलचं पाणी

या चौदा एप्रिलला कुसुमकाकूंनी घरी जायला साफ नकार दिला. अग्निशमन केंद्रातला सकाळचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम आटोपला, शाल-श्रीफळ झालं, फोटो निघाले, पाहुणे गाड्यांत बसून गेले, मांडववाला खुर्च्या उचलायला लागला, तरी काकू आपल्या खुर्चीत तशाच. मांडववाल्याने घसा खाकरून पाहिला. काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो निमूटपणे दुसऱ्या टोकाच्या खुर्च्या उचलायला गेला.

"काकू, रिक्षा बोलावते," मी म्हणाले. सकाळी कोथरूडहून पर्वतीला जाऊन मीच त्यांना घेऊन आले होते.

"तू जा. मी संध्याकाळचं पानी बघूनच येनार."

"काकू, ते पाणी सोडणं कधीच बंद झालंय."

"मग आज चालू करतील. त्याबिगर मी उठत न्हाई."

ऐंशीच्या घरातली बाई, दोन्ही गुडघे गेलेले, पण हट्ट शाबूत. मी मांडववाल्याच्या हातातली एक खुर्ची परत घेतली आणि शेजारी बसले.

मंडईपासून चालत येण्यासारखं हे केंद्र. त्याच्या मागच्या क्वार्टर्समध्ये मी लहानाची मोठी झाले. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, इथे फायरमन होते. काकूंचे यजमान शंकरकाका हे त्यांचे जोडीदार. आग लागल्याचा निरोप आला की 'वर्दी आली' म्हणायची इथली पद्धत. अशाच एका वर्दीवर शंकरकाका गेले आणि परत आले नाहीत. म्हणून काकूंना दरवर्षी आमंत्रण येतं, पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते आणि एक शाल मिळते. एवढ्या शाली घेऊन पुण्याच्या उन्हाळ्यात करायचं काय, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही.

केंद्राचे साहेब आले. तरुण, कडक इस्त्रीचा गणवेश, बोलायला गोड. "आजी, ऊन फार आहे. आमची गाडी घरी सोडेल तुम्हाला."

काकूंनी नुसती मान हलवली. मग मीच सांगितलं. संध्याकाळी जयंतीची मिरवणूक केंद्रासमोरून जाते. पूर्वी तेव्हा इथून तिच्यावर पाण्याचा फवारा सोडत. काकूंना तो बघायचा आहे.

"मॅडम, समजून घ्या," साहेब म्हणाले. "एप्रिल आहे. वर्दीवर वर्दी येतेय. मी पाणी उडवलं आणि उद्या कुणी व्हिडिओ टाकला, तर वर उत्तर मला द्यायचंय."

त्यांचं तसं काही चुकत नव्हतं, आणि मला राग आला तो त्याचाच. चुकणाऱ्या माणसाशी भांडणं सोपं असतं.

साहेब गेले. आम्ही दोघी अंगणात बसून राहिलो, आणि हळूहळू नाकाने जुनी ओळख काढली. डिझेल. रबराचे गमबूट. आणि ओल्या कॅनव्हासचा तो कुबट, गार वास. आगीवर वापरलेल्या नळ्या धुऊन मागच्या उंच मनोऱ्यावरून खाली सोडून वाळत घालत. मे महिन्यात त्यांच्याखाली उभं राहायला आम्हा पोरांची भांडणं लागायची. मानेवर एक थेंब पडायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा. नळीच्या तोंडाशी पितळी ब्रँच बसवतात, ज्यातून पाण्याचा मारा होतो. तो चिंचेने घासायचं काम आमच्याकडे असे. अर्धी चिंच ब्रँचला लागायची आणि अर्धी आमच्या पोटात जायची. तरी ब्रँच लखलखायचा, आणि शंकरकाका त्यात बघून मिशीला पीळ भरायचे.

वर्दीची घंटा झाली की आम्ही पोरं जिथे असू तिथून पळत जाऊन भिंतीला पाठ लावायची. लगोरी रचत आलेली असो, नाहीतर कुणी रडत असो. गाडीच्या वाटेत कुणी येता कामा नये, एवढाच त्या शिस्तीचा अर्थ. पण आम्ही तिचा खेळ केला होता. पाठ टेकलेली, हात सरळ, श्वास रोखलेला, आणि समोरून तो लालभडक बंब घणघणत बाहेर पडायचा. मागच्या पायरीवर उभे अण्णा आणि शंकरकाका. अण्णा कधी आमच्याकडे बघायचे नाहीत. शंकरकाका बघायचे आणि डोळा मारायचे. अजूनही कोथरूडच्या रस्त्यावर सायरन ऐकला की मी पटकन बाजूला होऊन एखाद्या दुकानाच्या भिंतीला पाठ लावते. दुकानदार विचारतात, चक्कर आली का? मी म्हणते, नाही, सवय आहे.

गाडी परत आली की कुणी काही विचारायचं नाही, अशी क्वार्टर्सची रीत. आधी नळ्या धुवायच्या, टाकी भरायची, गाडी पुन्हा निघायला तयार करायची, मगच माणसांनी चहा प्यायचा. तोवर बायका दारात उभ्या राहून खुशाल भाजीपाल्याच्या गप्पा मारायच्या. पण न विचारताही कळायचंच. अण्णांच्या केसांचा वास सांगायचा. कापडाचं दुकान जळालं की एक वास, रद्दी जळाली की दुसरा. मिरचीच्या गोदामाला आग लागली तेव्हा अख्ख्या क्वार्टर्स शिंकत होत्या. आणि एकदा गूळ जळाला होता. अण्णांच्या अंगाला असा काही खमंग वास येत होता की मला कडकडून भूक लागली. मी तसं म्हटल्याबरोबर आईने पाठीत धपाटा घातला. अण्णा मात्र हसले. म्हणाले, "मारू नकोस. मलापण लागली होती."

फायरमनची मुलगी म्हटलं की लोक लगेच चेहरा पाडतात. किती भीती वाटत असेल ना तुम्हाला, म्हणतात. वाटायची. पण आमच्या अंगणात दिवसभर हसण्याचा आवाज असायचा, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. लोकांना आम्ही बिचारे हवे असतो. वर्षातून एकदा डोळे पुसायला बरे पडतो. सकाळी भाषण करणाऱ्या पाहुण्यांनी 'या माउलीचं दुःख' असं तीनतीनदा म्हटलं, तेव्हा काकू माझ्या कानाशी लागल्या, "ह्याला सांग कुनीतरी, माझं दुःख मी बघते. तू तुझं जेवान बघ."

चौदा एप्रिल आमच्या घरात मुळातच दुहेरी. मुंबईच्या गोदीत फार पूर्वी स्फोटात गेलेल्या जवानांच्या आठवणीसाठी देशभरातली अग्निशमन दलं हा दिवस पाळतात. आणि चौदा एप्रिल म्हणजे आमची जयंती. कुणाची, हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. सकाळी अण्णांच्या दंडाला काळी फीत असे, संध्याकाळी माझ्या वेणीत निळी रिबीन. सकाळी आई मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन उभी राही. दुपारी तीच आई पांढऱ्या साडीला निळा काठ आहे की नाही हे चारदा बघे आणि पातेलंभर खीर करी. वेलदोड्याचा वास मनोऱ्याच्या टोकापर्यंत जायचा, असं आम्हाला वाटायचं. क्वार्टर्समधल्या एका बाईंनी आईला एकदा विचारलं होतं, "तुम्ही आज नक्की काय करता हो? रडता की नाचता?"

आई म्हणाली, "दोन्ही. तुम्हाला एकच जमतं का?"

मिरवणूक केंद्रावरून जायची, पण अण्णांना त्या दिवशी रजा मिळायची नाही. आत अण्णा ड्युटीवर, बाहेर त्यांचीच माणसं नाचतायत. डांबर पायाला चिकटतंय, हलगी कडाडतेय, पोरं खांद्यांवर, म्हाताऱ्या अनवाणी. एका वर्षी अण्णांनी काय केलं, तर नळ्यांची चाचणी संध्याकाळी लावली. सगळ्या नळ्या ठरावीक काळाने पाणी भरून, दाब देऊन, कुठे फुटत नाहीत ना हे तपासावं लागतं. चाचणी कधीतरी करायचीच होती. अण्णांनी आणि शंकरकाकांनी फाटकाशी ब्रँच धरला, तोंड आकाशाकडे केलं आणि पुढची कडी फिरवून धारेचा फवारा केला. बाहेर हलगी क्षणभर थांबली. मग असा काही आरडाओरडा झाला की आम्ही पोरं घंटा झाल्यासारखी भिंतीला जाऊन चिकटलो.

तेव्हाच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी अण्णांना बोलावलं. चाचणी संध्याकाळीच का?

अण्णा म्हणाले, "सकाळी शोक असतो साहेब. तेव्हा पाणी उडवणं बरं दिसत नाही."

तेव्हापासून चौदा एप्रिलच्या संध्याकाळी चाचणी, हा केंद्राचा रिवाजच झाला. अण्णा फार बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी खीर खाताना दरवर्षी एक वाक्य म्हणायचेच. "माझ्या बापाच्या ओंजळीत गावात पाणी वरून ओतायचे. आता मी अख्ख्या पेठेवर वरून ओततो." आणि मोठ्याने हसायचे. शंकरकाका वाटी पुढे करत म्हणायचे, "आन् तुला मागनं कोन धरतं, ते बी सांग की!"

ते खरंच होतं. पाणी सुटलं की ब्रँच माणसाला मागे रेटतो. म्हणून पुढच्याच्या पाठीला मागच्याने खांदा लावायचा असतो. अण्णा पुढे, शंकरकाका मागे. अण्णांचे सगळे सदरे पाठीवर, उजव्या बाजूला, एकाच जागी विरलेले असायचे.

शंकरकाका अंगणात बसून अण्णांच्या गोष्टी सांगायचे, कारण अण्णा स्वतः सांगत नसत. एका घरात माडीवर आग लागली होती. हे दोघं नळी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले, तर घरचे निवृत्त गृहस्थ आडवे आले. "इकडून नका. पलीकडे देवघर आहे आमचं." अण्णा थांबले. म्हणाले, "आजोबा, आग इकडूनच आत गेलीय. तिला अडवलंत का?" गृहस्थ बाजूला झाले. आग विझली, देवघर वाचलं. नंतर चहा आला, तो बाहेर ओट्यावर. शंकरकाकांनी कपाकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "चला, गाडी तयार करायचीय." दोघंही चहा न घेता निघाले. शंकरकाका ही गोष्ट इतक्या वेळा सांगत की काकू आतून ओरडायच्या, "अवो, आता तरी प्या तो चा!"

मग ते वर्ष आलं. कुठली वर्दी, कुठली भिंत, ते मी इथे लिहीत नाही. थंडी होती एवढं आठवतं, आणि गाडी परत आली ती घंटा न वाजवता. आम्ही पाठ लावून उभे होतो. माणसं एकेक करून उतरली. दारातल्या बायका भाजीपाल्याचं बोलायच्या थांबल्या. अण्णा उतरले आणि कुणाकडेही न बघता नळ्या धुवायला लागले. सगळ्या धुतल्या. एकट्याने मनोऱ्यावर चढवल्या. मग काकूंच्या दारात जाऊन उभे राहिले.

एप्रिल आला. सकाळी पहिल्यांदाच शंकरकाकांचं नाव वाचलं गेलं. काकू पहिल्या रांगेत, पहिली शाल मांडीवर. तिशीही न गाठलेली बाई, आणि लोक तिला हळू आवाजात सांगत होते, बसून राहा, उन्हात फिरू नका. संध्याकाळी अण्णांनी चाचणी लावली नाही. आईने खीर केली, पण वेलदोडे घातले नाहीत. मिरवणूक आली, फाटकासमोर थांबली आणि तोंडं वर करून उभी राहिली. वर नुसतं आकाश. त्यांना माहीत नव्हतं बिचाऱ्यांना.

तेव्हा काकू आपल्या खोलीतून बाहेर आल्या. "भाऊजी, नळी का न्हाई काढली?"

"वहिनी, या वर्षी नको."

"का?"

अण्णा मनोऱ्याकडे बघायला लागले.

"मानूस माझं गेलं, भाऊजी. पानी न्हाई गेलं."

आणि त्या जाऊन अण्णांच्या मागे उभ्या राहिल्या. जिथे काका उभे राहायचे, तिथे. अण्णांनी नळी जोडली. पाणी आलं तसा ब्रँचने रेटा दिला, आणि काकूंनी पदर कमरेला खोचून अण्णांच्या पाठीला खांदा लावला. क्वार्टर्समधल्या बायकांनी तोंडाला हात लावले. नवरा जाऊन तीन महिने झालेली बाई, चारचौघांत, परक्या माणसाच्या पाठीला! माझी आई तेवढी पुढे झाली आणि पायात येणारी नळी सरळ करत राहिली. काकू रडत होत्या. मी जवळून पाहिलंय, रडतच होत्या. पण खांदा काढला नाही.

पुढे त्यांना क्वार्टर्स सोडाव्या लागल्या. काकूंना महापालिकेतच कामाला घेतलं, त्या पर्वतीच्या पायथ्याशी राहायला गेल्या. पण चौदा एप्रिलच्या संध्याकाळी पदर खोचून हजर. अण्णा निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती जागा सोडली नाही. नंतर नवे लोक आले, काही वर्षं त्यांनीही पाणी सोडलं. मग एका वर्षी सोडलं नाही, आणि मग कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. कुणी बंदी घातली नव्हती. नुसतं राहून गेलं. आता अण्णा नाहीत, आई नाही. क्वार्टर्सच्या जागी पत्र्याची शेड आहे. काकू तेवढ्या आहेत.

दुपारभर आम्ही अंगणात सावलीमागे खुर्च्या सरकवत बसलो. यंदा भरती झालेली एक मुलगी, फायरमनच्या गणवेशातली, दोनदा चहा देऊन गेली. काकूंनी तिचे दंड दाबून पाहिले. "ब्रँच धरलास का कधी?"

"ट्रेनिंगला धरलाय ना, आजी."

"मानसांवर सोडलास का?"

मुलगी हसली. माणसांवर कशाला सोडायचं, हे तिला कळेना. काकूंनी मग तिला सगळं सांगितलं, शंकरकाकांच्या मिशीपासून.

सहाच्या सुमाराला लांबून दणदण ऐकू यायला लागली. आता हलगी नाही, डीजे आहे. त्याचा आवाज छातीत बसतो. निळे झेंडे वळणावर दिसले. साहेबांनी गाडीची वाट मोकळी राहावी म्हणून फाटकाशी दोर धरून माणसं उभी केली, ती योग्यच केली. मिरवणूक समोर आली आणि थांबली. पोरं नाचत होती, त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण पुढच्या रांगेत पांढऱ्या साड्यांतल्या काही म्हाताऱ्या होत्या. त्यांनी चालताचालता तोंडं वर केली. अजूनही. मला ते बघवेना.

सकाळच्या प्रात्यक्षिकाची नळी अंगणातल्या पाण्याच्या मोठ्या नळाला, हायड्रंटला, जोडलेलीच होती. काकू उठल्या. काठी टेकत थेट नळीपाशी गेल्या.

"आजी, नाही," साहेब मधे आले. "मी सांगितलं तुम्हाला. मला परवानगी देता येणार नाही."

"परवानगी नका देऊ," काकू म्हणाल्या. "सकाळी तुम्ही सांगितलंत, दोन मिन्टं गप उभं ऱ्हावा. या गुडघ्यांवर मी उभी ऱ्हायले. दरसाल ऱ्हाते. आता दोन मिन्टं तुम्ही गप उभं ऱ्हावा."

डीजे दणदणत होता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. साहेबांनी हात सरळ केले, झेंड्याच्या खांबाकडे तोंड केलं आणि सावधान उभे राहिले.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, ब्रँच उचलला आणि आकाशाकडे धरला. मी हायड्रंट उघडला. नळी फुगत, वळवळत पुढे गेली, पाणी आलं आणि मुलगी एक पाऊल मागे रेटली गेली. काकूंनी काठी टाकून तिच्या पाठीला खांदा लावला. मी धावत जाऊन काकूंच्या पाठीला लावला. फवारा वर गेला, उन्हात पसरला आणि फाटकापलीकडे सगळ्यांवर पडला. पांढऱ्या साड्यांवर, निळ्या झेंड्यांवर, डीजेच्या भिंतीवर, दोर धरलेल्या जवानांवर. पोरं ओरडायला लागली. एका म्हातारीने दोन्ही तळवे पसरले होते. मला अण्णांचं वाक्य मोठ्याने ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही. कुणाला ऐकू गेलं नसेल.

साहेब वळले तेव्हा त्यांच्या गणवेशाची इस्त्री पार उतरली होती. त्यांनी हायड्रंट बंद केला. मिरवणूक पुढे सरकली. मुलीने काकूंची काठी उचलून दिली, त्यांच्या तोंडावरचं पाणी आपल्या बाहीने पुसलं आणि विचारलं, "आजी, पुढच्या वर्षी याल ना?"

"आले तर बघीन," काकू म्हणाल्या. "न्हाई आले, तर जरा जास्त सोड."